१९३० साली आपण कुठे होतो?

कोणत्याही स्मरणिकेत, दिनविशेषांच्या पुस्तिकेत अथवा शाळेच्या फलकावर १९३० या वर्षाची जी यादी आढळते, ती बहुधा एकाच साच्याची असते. २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा. २ मार्चला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह. १२ मार्चला साबरमतीहून गांधीजींचे प्रस्थान आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदेभंग. १८ एप्रिलला चितगावच्या शस्त्रागारावरील छापा. २३ एप्रिलला पेशावरचा गोळीबार. मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा आणि धारासनेचा सत्याग्रह. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद. १० डिसेंबरला चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल पारितोषिक. १२ डिसेंबरला मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या मोटारीखाली बाबू गेनूचे बलिदान. २९ डिसेंबरला अलाहाबादेत सर महंमद इक्बाल यांचे भाषण.

या यादीतील प्रत्येक नोंद खरी आहे आणि प्रत्येक नोंदीपुढे मस्तक नमवावे अशीच तिची योग्यता आहे. आमचा वाद यादी वाचून आपली मंडळी जो निष्कर्ष काढतात त्याच्याशी आहे. "हे सगळे तिकडे घडले, आपल्या जोयड्याच्या रानात तेव्हा काय होते? काही नाही." हे वाक्य आम्ही या मंडळाच्या बैठकांतून, लग्नकार्यांतून, उळवीच्या जत्रेच्या गर्दीतूनही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला लेखी उत्तर देणे भाग आहे. हे वाक्य इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे आहे. त्याहून वाईट म्हणजे, आजच्या घडीला ते आपल्याच पायावर पाडून घेतलेला धोंडा आहे. तो कसा, हे पुढे येईल.

प्रथम, आपण तेव्हा कोणत्या घरात राहत होतो ते आठवू. आपला जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबईचाच होता. म्हणजे १९३० साली आपल्या सुपा भागाचा सारा, जंगलाचे नियम, शाळांची तपासणी आणि पोलिसांची बदली या साऱ्यांचा शेवटचा शब्द मुंबईचा होता. घाटाच्या पलीकडे, पायी एका दिवसाच्या अंतरावर, पोर्तुगालचे राज्य होते. आपल्या कित्येक घरांची सोयरीक, कुलदैवते आणि बाजार त्या राज्यात होते. पुढे राज्ये झाली आणि प्रत्येक राज्याने आपापला इतिहास लिहून घेतला. महाराष्ट्राचा इतिहास लिहिणारे दक्षिणेकडे येता येता सावंतवाडी-कोल्हापूरशी थांबले. कर्नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातून अंकोला, सिरसी आणि सिद्दापूर घेतले व रान सोडून दिले. गोव्याच्या इतिहासकारांचे तोंड समुद्राकडे. तीन वह्यांच्या तीन समासांत आपला तालुका पडला आणि समासात कोणी लिहीत नाही. हा दोष इतिहासकारांचा असेल. पण समास कोरा आहे म्हणून तिथे माणसेच नव्हती असे मानणे हा दोष सर्वस्वी आपला आहे.

आता त्या एका वर्षात आपल्या उंबऱ्यापर्यंत काय काय येऊन पोहोचले ते पाहू.

१ एप्रिल १९३० पासून हरबिलास सारडा यांचा बालविवाह प्रतिबंधक कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात अंमलात आला. मुलीचे वय किमान १४ आणि मुलाचे १८. कायदा लागू होण्यापूर्वी उरकून घ्यावे म्हणून त्याआधीच्या महिन्यांत देशभर लहान मुलांच्या लग्नांची झुंबड उडाली आणि १९३१ च्या जनगणनेने तिची दखल घेतली. आपल्या घराण्यांच्या वंशावळी ज्यांनी चाळल्या असतील त्यांनी १९२९ आणि १९३० च्या आरंभीच्या लग्नांकडे जरा बारकाईने पाहावे. ज्या आजीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी घाईने लागले, तिच्या आयुष्यात १९३० साल 'तिकडे' घडले नव्हते.

१३ एप्रिलला आपल्याच जिल्ह्यात, अंकोल्याला, एम. पी. नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मिठाचा कायदा मोडला गेला. एका महिन्याने, १२ मे रोजी, गोव्याच्या उत्तर सीमेलगत शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. मिठावरचा कर तेव्हा मणाला सव्वा रुपया होता. मीठ हा शहरी माणसाला चिमटीचा जिन्नस वाटतो. रानात राहणाऱ्याला मासळी, लोणचे, आमसूल आणि गुरांचे चाटण यांसाठी तो पोत्याने लागतो. घाटाखाली गोव्याच्या आगरांत मिठाचे ढीग दिसत असताना सरहद्द ओलांडली की त्यावर इकडचा कर द्यायचा, ही विपरीत स्थिती दांडीच्या बातमीतून शिकण्याची आपल्या वाडवडिलांना गरज नव्हती. कॅसलरॉकचे जकातीचे ठाणे कशासाठी असते, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला ठाऊक होते.

८ जुलै रोजी लिस्बनमध्ये सालाझार यांचा वसाहतविषयक कायदा, ज्याला गोव्यात 'आक्तो कोलोनियाल' म्हणतात, जारी झाला. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर गोव्याच्या हिंदूंना प्रथमच थोडी मोकळी हवा मिळाली होती. या नव्या कायद्याने गोव्याला पुन्हा स्पष्ट शब्दांत 'वसाहत' ठरविले आणि परमुलूख ताब्यात ठेवणे, तेथील लोकांना 'सुसंस्कृत' करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे मूळ कार्य असल्याचे जाहीर केले. त्याच्या चारच दिवस आधी, ४ जुलैला, लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला होता. देशाच्या यादीत ही नोंद नसते, कारण गोवा तेव्हा 'देशात' नव्हता. आपल्या यादीत मात्र ती दांडीच्या बरोबरीने हवी. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या-पणज्या ज्या काणकोण, सांगे, केपे या महालांतून या घाटावर सून म्हणून आल्या, त्यांची माहेरे त्या दिवशी नागरिकाची प्रजा झाली.

याच १९३० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मडगावला भरले. वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते. त्यांची 'सुशीलेचा देव' ही कादंबरीही त्याच वर्षाची. आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, शिवराम महादेव परांजपे यांच्या अध्यक्षतेखाली संमेलन बेळगावला झाले होते. बेळगावनंतर लगेच मडगाव, आणि या दोन गावांना जोडणारा लोहमार्ग लोंढ्यावरून, आपल्या तालुक्यातल्या कॅसलरॉकवरूनच घाट उतरतो. मराठी सारस्वताचे केंद्र लागोपाठ दोन वर्षे आपल्या दोन बाजूंना होते आणि त्याची वाट आपल्या अंगणातून जात होती. साहित्य मंडळ म्हणून आपण दरवर्षी पुण्या-मुंबईच्या संमेलनांची वृत्ते छापतो. या दोन संमेलनांवर आपल्या त्रैमासिकाने एकही स्वतंत्र लेख दिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आणि या सर्वांवर पसरलेली मंदी. अमेरिकेत १९२९ च्या अखेरीस सुरू झालेली घसरण वर्षभरात शेतमालाच्या भावापर्यंत आली. भात आणि सुपारी विकून हाती येणारे पैसे घटले. सारा मात्र रोख आणि ठरलेलाच राहिला. महसूल खात्यात ज्याने कधी काम केले आहे त्याला या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. भाव निम्म्यावर आला की साऱ्याचा भार आपोआप दुप्पट होतो, कोणी कायदा न बदलता. अंकोला व सिद्दापूर तालुक्यांत पुढे १९३२ साली करबंदीची जी झुंजार चळवळ झाली, जमिनी जप्त झाल्या, घरेदारे उघडी पडली, तिच्यामागे स्वराज्याची निष्ठा होती तशीच ही रोकड अडचणही होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती म्हणजे जंगल.

पावसाळा लागला की मीठ पिकत नाही. समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांत तर ते कधीच पिकत नव्हते. म्हणून १९३० च्या जुलैपासून कायदेभंगाने रानाची वाट धरली. १० जुलैला पुसदजवळच्या राखीव रानात माधव श्रीहरी अणे यांनी गवत कापून जंगलचा कायदा मोडला. हेच बापूजी अणे दोन वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. साहित्याने सार्वजनिक प्रश्नांपासून चार हात दूर राहावे असे सांगणाऱ्या आमच्या मित्रांनी तो विळा नीट पाहावा. बिळाशीच्या लोकांनी जंगलातला साग तोडून त्यावर तिरंगा उभारला. २५ सप्टेंबरला रायगड जिल्ह्यातील चिरनेरला आक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही मृत्युमुखी पडले आणि त्याच गोळीबारात हजर असलेले मामलेदारही गेले. आपल्या जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरही त्या काळात हे लोण पोहोचले.

पुसद, बिळाशी आणि चिरनेर येथे लोकांनी जो कायदा मोडला, तोच कायदा आपल्या सुप्यात सर्वांत अधिक खोलवर रुजलेला होता. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलात गुरे चारणे, लाकूड तोडणे, पाला आणणे, जमीन फोडणे हे सारे परवानगीचे विषय केले. कुणब्यांची कुमरी, म्हणजे रानाचा तुकडा तोडून-जाळून दोन-चार वर्षे नाचणी-वरी काढायची आणि मग तो रानाला परत द्यायचा ही पद्धत, त्याही आधीपासून आक्रसत आली होती. सुपारीच्या बागाईतदारांना पालापाचोळ्यासाठी 'बेट्टा' जमिनीची सवलत मिळाली. कुमरी करणाऱ्याला दंडाची पावती मिळाली. ज्या तालुक्यात रान हेच शेत, रान हेच गायरान आणि रान हीच वाट, तिथे 'काही घडले नाही' असे म्हणणाऱ्याने त्या वर्षीच्या दंडाच्या पावत्या, चराईच्या फीचे पास आणि पाल्याचे परवाने आधी शोधून दाखवावेत. ते घडण्याचेच कागद आहेत. मोर्चा निघाला नाही म्हणून जुलूम नव्हता, असा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

इथवर कोणी म्हणेल की हा इतिहासप्रेमी निवृत्तांचा विरंगुळा आहे. तसे असते तर आम्ही ही लेखणी उचलली नसती. वाचकांनी आता एक साधी वजाबाकी करावी.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा कायदा संसदेने २००६ साली केला; त्याचे नियम २००८ च्या आरंभी आले. त्या कायद्यात अनुसूचित जमातीत नसलेल्या वननिवासीला हक्क मागायचा असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या त्याचे किंवा त्याच्या समाजाचे मुख्य वास्तव्य रानात असले पाहिजे आणि उपजीविका रानावर अवलंबून असली पाहिजे. एक पिढी म्हणजे २५ वर्षे, असे कायद्यानेच सांगितले आहे. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे. २००५ मधून ७५ वजा केले की दिवस येतो १३ डिसेंबर १९३०. मुंबईत बाबू गेनू मोटारीखाली गेला त्याचा दुसरा दिवस.

त्या दिवशी तुमची माणसे कुठे होती, हा प्रश्न आज सरकार विचारते आहे. आणि आपण उत्तर काय देतो? "तेव्हा इथे काही नव्हते."

सरकारी नोकरीत राहून निवृत्त झालेल्या आम्हांस या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. ज्यांच्या घराच्या जोत्याला शंभर वर्षे झाली असतील अशा लोकांना "१९३० चा उतारा आणा" एवढेच सांगून परत पाठविलेले आम्ही पाहिले आहे. त्या कार्यालयाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण ही वृत्ती कोण्या एका कार्यालयाची नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात अशा अर्जांचे ढीगच्या ढीग पुराव्याअभावी नामंजूर झाले. पण कायद्याचे शब्द वाचा. ७५ वर्षांची अट वास्तव्याला आणि उपजीविकेला आहे. त्याच सर्व्हे नंबरावर तीन पिढ्या नांगर चालला पाहिजे असे त्यात नाही; जमिनीच्या ताब्यासाठी २००५ ची तारीख पुरेशी धरली आहे. पुराव्यांची यादीही मोठी उदार आहे: गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, घरपट्टीच्या पावत्या, घर, बांध आणि ताली, जुन्या विहिरी, स्मशाने व देवस्थाने, वंशावळ, आणि अर्जदाराखेरीज गावातील वृद्धांचे लेखी निवेदन. यांपैकी एकाहून अधिक पुरावे पाहावेत असे नियम म्हणतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर अमुकच प्रकारचा कागद हवा असा आग्रह समित्यांनी धरू नये, हेही स्पष्ट केले आहे. कारकून अज्ञानाने किंवा आळसाने उतारा मागतो. आपण तो नाही म्हणून मान खाली घालून परत येतो. दोघांनीही नियम वाचलेला नसतो.

आता आपल्या जुन्या घराण्यांविषयी थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. आपण इथे कधी आलो यावर आपण तासन् तास बोलतो. सोंद्याच्या राज्यात की मराठ्यांच्या स्वाऱ्यांत, गोव्यातल्या धर्मच्छळाच्या काळी की त्यानंतर, मूळ गाव कोणते, देवी कोणती. तीनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे नाव आपल्याला मुखोद्गत असते. पण आजोबांनी १९३० साली सारा कोणत्या कचेरीत भरला, हे विचारले तर घरात शांतता पसरते. दूरचा इतिहास अभिमानासाठी सोयीचा असतो आणि जवळचा इतिहास अडचणीचा, हे त्यामागचे कारण. जवळच्या इतिहासात कर्जे असतात, जप्त्या असतात, भावाभावांतील फाळण्या असतात आणि कुळांची नावे असतात.

या शेवटच्या शब्दावर आम्ही मुद्दाम थांबतो. आपल्या माळ्यावरच्या पेटाऱ्यांत ज्या खतावण्या, खंडाच्या वह्या आणि मजुरीची टिपणे धूळ खात आहेत, त्यांत केवळ आपली नावे नाहीत. अमक्या कुणब्याने इतके कुडव भात खंडापोटी घातले, अमका गवळी इतके शेर तूप देऊन गेला, अमक्याने बागेला पाला घातला, अशा ओळी त्यांत आहेत. ज्याच्या पणजोबाच्या हाती कधी कागदच पडला नाही, त्याच्या तीन पिढ्यांचा एकमेव लेखी पुरावा आपल्या वहीत मोडी अक्षरांत पडलेला असू शकतो. सरहद्दीचा खेळ पाहा: २००३ साली अंमलात आलेल्या एकाच दुरुस्ती कायद्याने गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप आणि आपल्या जिल्ह्यातील सिद्दी यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. त्या कायद्याने जोयड्याच्या कुणब्याला ते मिळाले नाही. म्हणजे घाटाखालच्या भावाला ७५ वर्षे सिद्ध करण्याची गरज नाही आणि घाटावरच्या भावाला ती आहे. एकच आडनाव, एकच बोली, एकच देव. मध्ये पोर्तुगीजांनी आणि इंग्रजांनी आखलेली एक रेघ. १९३० साली त्या रेघेच्या दोन बाजूंना दोन कायदे होते, आणि राज्यकर्ते जाऊनही तिचा पीळ गेलेला नाही.

तेव्हा आपली वही उघडणे हा उपकार नाही. ज्यांच्या श्रमावर आपल्या बागा उभ्या राहिल्या त्यांचे ते देणे आहे. काही मंडळी खाजगीत म्हणतात की वही दाखविली तर कोण कोणाचे कूळ होते याच्या जुन्या भानगडी उकरल्या जातील. त्यांना आमचे उत्तर असे, की कुळ कायद्याचे अर्ज केव्हाच निकालात निघाले. या वहीतून आता तुमची जमीन जाणार नाही, दुसऱ्याचे घर मात्र वाचेल.

आणखी दोन आक्षेपांचा समाचार घेऊ. पहिला आक्षेप भाषेचा. १९५६ नंतर, विशेषतः महाजन आयोगाच्या काळी, सीमाभागात कागदपत्रांची मोठी जमवाजमव झाली. शाळेचे दाखले, देवळातील शिलालेख, दुकानांच्या पाट्या असे सारे गोळा केले गेले. हेतू एकच: आपण कोणती भाषा बोलतो हे दाखविणे. आपण कुठे राहतो आणि कशावर जगतो, याचा कागद कोणी जपला नाही. १९६७ साली आयोगाचा अहवाल आला, वाद मिटला नाही, आणि गठ्ठे वाळवीने खाल्ले. मराठीवरील आमच्या निष्ठेची कोणी परीक्षा घेण्याचे कारण नाही. पण १९३० च्या पुराव्याचा कागद मोडीत असो, कानडीत असो की पोर्तुगीजमध्ये, तो सारखाच मोलाचा आहे. सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चौघांची नावे आठवा: मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्यांना कोणी मातृभाषा विचारली नव्हती.

दुसरा आक्षेप रानाचा. हे दांडेली-अणशीचे रान, २००७ पासून व्याघ्र प्रकल्प, २०१५ पासून त्याचे नाव काळी; त्यात माणसांचे हक्क लिहून देणे म्हणजे वाघाच्या मुळावर येणे, असे शहरांतून आलेले पाहुणे आम्हांस शिकवितात. त्यांना एवढेच विचारावे की काळी नदीवर सुप्याचे धरण बांधून मैलोगणती रान व गावे पाण्याखाली घातली, ती कोणत्या कुणब्याच्या कोयत्याने? सुपा हे गाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. तालुक्याचे नावसुद्धा त्याबरोबर बुडाले आणि जोयडा झाले. उठलेली माणसे रामनगरला व इतरत्र गेली, आणि त्या हलवाहलवीत पेटारे भिजले, वह्या हरवल्या, काही चुलीत गेल्या. ज्यांचे पुरावे धरणाने बुडविले त्यांच्याकडेच आता पुरावे मागितले जातात, हा विनोद असेल तर फार क्रूर आहे. रान आजवर उभे आहे ते त्यात राहणाऱ्यांच्या संयमामुळेही, हे मान्य करायला एवढी जड का जावे?

कोणी असेही म्हणतील की स्वातंत्र्यलढ्याच्या तेजस्वी वर्षाला आम्ही अर्जाला जोडायच्या पुराव्यापर्यंत खाली आणले. आमच्या मते ते वर्ष यामुळे खाली येत नाही. गवत कापण्याचा हक्क मागणाऱ्यांनी चिरनेरला गोळ्या झेलल्या. जंगलावरचा माणसाचा हक्क हा त्या लढ्याचा विषयच होता. पुढे ७६ वर्षांनी संसदेने त्या अन्यायाची कबुली कायद्याच्या प्रस्तावनेत दिली. तो कायदा कागदावर राहू नये म्हणून खटपट करणे, यापेक्षा त्या आठ जणांचे अधिक उचित स्मरण आम्हांस सुचत नाही. १५ ऑगस्टला पुष्पहार घालून घरी येणे सोपे आहे.

म्हणून या मंडळापुढे आमचा स्पष्ट प्रस्ताव आहे. पुढील वर्षभर कवितावाचनाचा एक कार्यक्रम कमी करावा आणि '१९३०' या एकाच विषयाची नोंदवही उघडावी. प्रत्येक जुन्या घराने आपल्याकडील त्या सुमाराचा, १९२५ ते १९३५ या दहा वर्षांतला, निदान एक कागद आणावा: साऱ्याची पावती, दंडाची पावती, चराईचा पास, लग्नाची याद, पंचांगाच्या समासातील टिपण, देवस्थानच्या वर्गणीची यादी, काहीही. मोडी वाचता येणारी जी चार-दोन माणसे आपल्यात उरली आहेत त्यांनी महिन्याला दोन रविवार द्यावेत. पंच्याऐंशीच्या पुढील प्रत्येक स्त्री-पुरुषाचे निवेदन, त्यांनी आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेल्यासह, लिहून सही-अंगठ्यानिशी ठेवावे. ते आपल्या घरातील असोत, कुणबीवाड्यातील असोत वा गवळीवाड्यातील. जिल्ह्याच्या गॅझेटिअरचे १८८३ चे दोन भाग आणि १९३१ च्या जनगणनेचा अहवाल यांतील आपल्या तालुक्याची पाने छापून ग्रामसभांना द्यावीत. ती जनगणना २६ फेब्रुवारी १९३१ च्या रात्री झाली, म्हणजे कायद्याने धरलेल्या दिवसानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी. इतका जवळचा सरकारी साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

घाई एवढ्यासाठी की कागदाला वाळवी लागते आणि माणसाला वय. १९३० साली जे दहा वर्षांचे होते त्यांच्यापैकी आता कोणी बोलायला उरलेले नाही. त्यांच्याकडून ज्यांनी ऐकले, ते आपल्यात अजून आहेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत किती असतील हे कोणी सांगू नये. पहिली बैठक कोणाच्या ओसरीवर घ्यायची ते चिटणीसांनी ठरवावे. पहिला कागद घेऊन आम्ही येतो.